एका वेळी एकच ट्रे

८ जानेवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे सांगता आलं नसतं. मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर जुळवत असते तोवर तुझा तिसरा प्रश्न येतो. म्हणून पत्र. बसून वाच.

लॅबच्या मालकांनी मला लेखी ताकीद दिली आहे. नोव्हेंबरपासून माझे तीन ट्रे उशिरा गेले. (आमच्याकडे प्रत्येक पेशंटच्या दातांचं काम वेगळ्या ट्रेमध्ये असतं, वर डॉक्टरांची चिठ्ठी आणि तारीख.) ते एक वेळ चाललं असतं. पण मागच्या आठवड्यात मी दोन कवळ्यांचे डबे अदलाबदल करून पाठवले. एका आजोबांच्या तोंडात दुसऱ्याच आजींची कवळी बसवायचा प्रयत्न झाला. लॅबमध्ये सगळे हसले, मीही हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. तीन महिन्यांची मुदत आहे. सुधारणा दिसली नाही तर रामराम.

गंमत अशी की काम वाईट आहे असं कुणीच म्हणत नाही. दाताचा रंग जुळवायला अजूनही सगळे माझ्याकडेच येतात. काम करता येतं, फक्त ते वेळेत सुरू होत नाही आणि सुरू झालं की थांबत नाही.

डॉक्टरांनी गेल्या वर्षी जो अहवाल दिला, एडीएचडीचा आणि थोड्या स्वमग्नतेचा, तो तू कपाटात ठेवून दे म्हणालीस. मी ठेवला. पण अहवाल कपाटात ठेवला म्हणून मी कपाटात राहत नाही ना. आमच्या लॅबमध्ये मेणाचं काम करणाऱ्या, म्हणजे मेणवाल्या काकांच्या पुतणीने एका कोच बाईंची मदत घेतली होती. मेंदूची घडण वेगळी असलेल्या मोठ्या माणसांबरोबर त्या काम करतात. आठवड्यातून एक तास, समोरासमोर, एका वेळी एकच माणूस. औषध देत नाहीत, बालपण उकरत नाहीत. पूर्वी एका कारखान्यात कामगारांच्या पाळ्या लावायच्या. मी मंगळवारची वेळ घेतली आहे.

भावोजींना नमस्कार. लोभ असू दे, काळजी बेताची असू दे.

तुझी,
टिल्ली

---

१५ जानेवारी

चि. टिल्लीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र बसून वाचलं, मग उभं राहून वाचलं, मग तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं. कवळीपाशी ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मी नाही हसले. म्हणजे नंतर हसले.

कोच म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे गळ्यात शिट्टी आणि मैदानाला फेऱ्या येतात. या बाई तुला फेऱ्या मारायला लावणार नसतील अशी आशा आहे. पण खरं सांगू? तीस वर्षं मी तुझी वह्या-पुस्तकं, अर्ज, चाव्या, डॉक्टर, सगळं बघत आले. मला कधी कुणी कोच म्हटलं नाही. आता परकी बाई तासभर बसून काय वेगळे दिवे लावणार?

रागावू नकोस. जाऊन बघ. पण अहवालाबद्दल लॅबमध्ये चकार शब्द काढू नकोस. आमच्या शाळेच्या ऑफिसात मी रोज बघते, माणसाला एकदा शिक्का बसला की त्याच्या साध्या शिंकेलाही तेच कारण चिकटतं.

सकाळचे माझे फोन चालूच राहतील, साडेसहाचा उठवायला आणि सव्वासातचा निघालीस का विचारायला. डबे पाठवण्याआधी नाव दोनदा वाचत जा. मोठ्याने.

स्वतःला जप. आमच्याकडून प्रेम नेहमीसारखंच, किलोने.

तुझी,
ताई

---

१२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चार मंगळवार झाले. शिट्टी नाही. बाईंच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि न टिकटिकणारं घड्याळ. दिवा डोळ्यांवर येतो का, हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं आणि येतो म्हटल्यावर सरळ बंद केला. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी हे विचारलं.

पहिले दोन आठवडे पार पाण्यात गेले. आम्ही एक डायरी ठरवली, तासातासाचे रकाने असलेली. मी ती तीन दिवस भरली. चौथ्या दिवशी विसरले, आणि मंगळवारी जायच्या आधी बसमध्ये बसून सगळा आठवडा खोटा भरला. वेगवेगळ्या पेनांनी, म्हणजे खरा वाटावा. बाईंनी पाहिली आणि छान म्हणाल्या. मला इतकी लाज वाटली की मी तिथेच कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत, आश्चर्यही वाटलं नाही त्यांना. एवढंच विचारलं की खोटं भरायला किती वेळ लागला. मी म्हटलं, वीस मिनिटं, एका बैठकीत. मग त्या म्हणाल्या की डायरी तुमच्या कामाची नाही, फेकून द्या. पण वीस मिनिटं एका बैठकीत तुम्ही न उठता काम केलंत, ते कशामुळे जमलं ते बघू.

तसंच चालतं त्यांचं. असं करा असं सांगत नाहीत. जमलं तेव्हा आजूबाजूला काय होतं, ते शोधायला लावतात. त्यातून सापडलं ते असं: डोळ्यांसमोर एकच ट्रे असला की मी तो संपवते. सहा असले की एकही नाही. आता बाकीचे ट्रे पाठीमागच्या फळीवर, वर फडका. दुसरं, तोंडी सूचना माझ्यापर्यंत पोचत नाहीत, कारण शेजारी घासायचं मशीन सतत किंचाळतं आणि मी नुसती मान हलवते. फेब्रुवारीत आतापर्यंत एकही ट्रे उशिरा गेलेला नाही.

आता अवघड भाग. बाईंनी विचारलं, तुमचा दिवस कोण सुरू करतं? मी म्हटलं, ताई. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. घरी येईपर्यंत मी माझ्या त्या उत्तरावरच विचार करत होते. ताई, मी छत्तीस वर्षांची आहे आणि तुला ताप आला तर मी कामावर पोचत नाही. एक मार्चपासून सकाळचे फोन नकोत. हे मी ठरवलं आहे, त्यांनी नाही.

माया कमी करू नकोस, फक्त घंटी कमी कर.

तुझी,
टिल्ली

---

१९ फेब्रुवारी

चि. टिल्लीस,
अ. उ. आ. वि. वि.

ठीक आहे. नाही करणार.

मी अकरा वर्षांची होते आणि तू पाचची, तेव्हा आईने तुझा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, हिला शाळेतून घरी आणायचं काम तुझं. एकदा हात सुटला. तास-दीड तास शोधत होते. तू वह्यांच्या दुकानात काउंटरखाली बसून खोडरबर रंगांप्रमाणे लावत होतीस. दुकानदार म्हणाला, फार शहाणी मुलगी आहे. घरी गेल्यावर मार मला बसला.

हे तुला टोचायला लिहीत नाही. एवढंच, की एक मार्चपासून म्हटलंस तर हात एक मार्चला सुटेल, मन कधी सुटेल ते मला ठाऊक नाही.

भावोजी ठीक. शाळेत परीक्षेची धांदल.

नांदत राहा.

ताई

---

१२ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पहिल्या आठवड्यात दोनदा अकरा वाजता पोचले. तिसऱ्या दिवशी तर जागी होते, कपडे घातलेले होते, आणि पलंगावर बसून एकाच बुटाकडे बघत होते. मंगळवारी बाईंसमोर बसून आम्ही त्या बुटाचाच विचार केला. मला एकटीला दारातून बाहेर पडता येत नाही, सोबत कुणी असेल तर येतं. समोरच्या इमारतीत एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, त्यांची बस माझीच. त्या सात-चाळीसला खाली येतात. मी जाऊन विचारलं की मी तुमच्याबरोबर चालले तर चालेल का, बोलायची अट नाही. त्या म्हणाल्या, बोलायची अट नसेल तर रोज या. तेव्हापासून उशीर नाही.

हे मी तुला आनंदाने लिहिणार होते. पण काल मालकांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं की माझ्या बहिणीचा फोन आला होता. हिला जरा सांभाळून घ्या, हिला लहानपणापासूनच तसं आहे, डॉक्टरांचा कागदही आहे. हे सगळं त्यांनी बोलून दाखवलं. मशीन नेमकं तेव्हा बंद होतं. सगळ्यांनी ऐकलं. मेणवाले काका मेण वितळवायच्या दिव्याकडे बघत राहिले.

अहवालाबद्दल चकार शब्द काढू नकोस, असं मला कुणी लिहिलं होतं?

मी स्वतःच मालकांशी बोलणार होते. दोन मंगळवार त्याचीच तयारी चालू होती. माझं वाक्य मी बोलायच्या आधीच तू बोलून टाकलंस, आणि तेही चुकीचं.

आठ दिवस मला पत्र लिहू नकोस. नवव्या दिवशी चालेल.

टिल्ली

---

२४ मार्च

चि. टिल्लीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पंधराला मिळालं. आज नववा दिवस.

माझं चुकलं. याच्या पुढे पण-बिण काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे, म्हणून हे पत्र लहान होणार. सात तारखेला मला राहवलं नाही. तुझा फोन लागेना, म्हणून लॅबला लावला. तुझे मालक उचलतील असं वाटलं नव्हतं, आणि उचलल्यावर मी बोलत सुटले.

तुझे भावोजी म्हणाले की उद्या माझ्या बहिणीने तुझ्या मुख्याध्यापिकांना फोन करून सांगितलं की हिचं डोकं तापट आहे, सांभाळून घ्या, तर तू काय करशील? मी म्हटलं, मी त्या बहिणीचं तोंड बघणार नाही. ते म्हणाले, मग बघ.

मालकांची माफी मागायला पुन्हा फोन करणार होते. भावोजींनी रिसीव्हरवर हात ठेवला. बरंच केलं.

तुला वाटेल तेव्हा लिही. वाट बघेन, पण फोनजवळ बसून नाही.

तुझी,
ताई

---

५ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बरेच दिवस नुसती कुशल आहे अशी कार्डं पाठवली. आता सगळं लिहिते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मालकांशी बोलले. त्याआधी बाईंबरोबर तालीम केली. त्या मालक झाल्या आणि इतक्या गोड वागल्या की मी म्हटलं, असे मालक असते तर मी इथे आलेच नसते, जरा खडूस व्हा. मग झाल्या. मी तीन गोष्टी मागितल्या: टेबल मशीनपासून लांब, सूचना कागदावर, आणि घाईचा ट्रे एका वेळी एकच. अहवालाचं त्यांना कळलेलंच होतं, तेव्हा त्यात नेमकं काय लिहिलंय तेही मीच सांगितलं. सगळं लिहून नेलं होतं, ते वाचून दाखवलं.

सूचना कागदावर द्यायचं त्यांनी मान्य केलं. बाकी दोन नाही. एकाला दिलं की सगळे मागतात, असं म्हणाले. मुदत संपली तेव्हा तीन महिन्यांत एकच ट्रे उशिरा होता. त्यांनी ताकीद मागे घेतली, हात मिळवला. नोकरी वाचली.

आणि दोन आठवड्यांनी मी ती सोडली.

घाबरू नकोस, पुढे वाच. वाचली तेव्हाच कळलं की रोज त्या मशीनशेजारी मी अर्धी ताकद नुसता तो आवाज न ऐकण्यात घालवते. बाईंना विचारलं, सोडू का? त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. मला त्यांचा भयंकर राग आला. मग त्यांनी एक कागद पुढे केला आणि राहिले तर सोमवार कसा असेल, सोडलं तर सोमवार कसा असेल, एवढंच लिहायला सांगितलं. पहिला सोमवार लिहितानाच माझा हात थांबला.

आता मी दोन माणसांच्या लॅबमध्ये आहे. दुसरं माणूस म्हणजे एक म्हातारे कारागीर, कानाने कमी ऐकतात, त्यामुळे सगळं लिहूनच सांगतात. आम्ही फक्त पुढचे दात करतो, सिरॅमिकचे. थरावर थर, मग भट्टी, मग पुन्हा थर. पाच आठवडे झाले. सगळं सुरळीत आहे असं समजू नकोस. मागच्याच आठवड्यात घराची चावी दोनदा आत राहिली. कुलूपवाला आता मला नावाने हाक मारतो. बाईंकडे महिन्यातून एकदाच जाते.

तुला आधी सांगितलं नाही, कारण एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझ्या काळजीशिवाय करून बघायची होती. तुझ्याशिवाय नव्हे. काळजीशिवाय.

ओढ आहे तशीच ठेव.

तुझी,
टिल्ली

---

१३ जून

चि. टिल्लीस,
अ. उ. आ. वि. वि.

वाचली म्हणालीस तिथे मी हुश्श केलं, सोडली म्हणालीस तिथे खुर्ची ओढून घेतली. तुझी युक्ती चांगली आहे, पण माझ्या वयाचा विचार करत जा.

राग यावा की आनंद व्हावा ते दोन दिवस ठरेना. पाच आठवडे मला पत्ताच नाही! आणि पाच आठवडे काही बिघडलंही नाही. दुसरी गोष्ट मला जास्त लागली, हे तुझ्यापासून लपवत नाही. भावोजी म्हणतात, पोरीने झेप घेतली आणि तू पायरी मोजत बसलीस.

पायरीवरून आठवलं. बुधवारी शाळेच्या जिन्यात घसरले. हाडबीड नाही, पण वरचा पुढचा दात अर्धा गेला. दाखल्याच्या खिडकीत बसून तोंडावर रुमाल धरून बोलते. डॉक्टर म्हणाले की कॅप बसवावी लागेल, आणि पुढचा दात आहे, रंग जुळणं कठीण. मी तुझ्या लॅबचा पत्ता दिला. बहीण म्हणून घाई करू नकोस. माझा नंबर येईल तेव्हाच कर.

असा हा पहिलाच अर्ज मी तुझ्याकडे करते आहे. मंजूर व्हावा.

तुझी,
ताई

---

१८ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अर्ज मंजूर. साचा मिळाला. तुझ्यापुढे चार जण आहेत. दहा कामाचे दिवस लागतील. खिडकीजवळ, उजेडात, लिपस्टिक न लावता काढलेला दातांचा फोटो पाठव. तोवर त्या बाजूने काही चावू नकोस. मोठ्याने वाच.

टिल्ली

---

६ जुलै

चि. टिल्लीस,
अ. उ. आ. वि. वि.

दात ठरल्या दिवशी आला, काल बसला. डॉक्टरांनी आरसा दिला आणि मी त्यांनाच विचारलं, कुठला? मग ते दिवा जवळ घेऊन बराच वेळ बघत राहिले. म्हणाले की मी फक्त रंगाचा क्रमांक कळवला होता. पण तुमच्या शेजारच्या दातावर एक बारीक पांढरी रेघ आहे, ती कॅपवर कशी आली? कडेला किंचित पिवळसर छटा आहे, तीही आहे. साच्यात रंग उमटत नाही. आणि फोटो तर, त्यांच्या शब्दांत, ढगाचा होता. तो तुझ्या भावोजींनी काढला होता, त्यांचा हात हलतो.

माझे दात मला इतके माहीत नाहीत. तुला कसे माहीत?

सुखात राहा, आणि हे सांग.

तुझी,
ताई

---

११ जुलै

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोटो नियम म्हणून मागवला होता. लागला नाही.

लहानपणी तू माझी हनुवटी धरून म्हणायचीस, बोलताना माझ्या डोळ्यांत बघ. मला ते जमायचं नाही. डोळ्यांत बघितलं की शब्द ऐकू यायचे नाहीत. आणि तुझं ऐकायचं तर असायचं. म्हणून मी थोडं खाली बघायचे.

माझं लक्ष नाही असं तुला वाटायचं. सगळा वेळ होतं.

तुझी,
टिल्ली