डावा पाय आणि गव्हाण

काटेवाडी, गुरुवार, संध्याकाळ

मुक्ताचा उजवा पाय आज गव्हाणीच्या काठावर टेकला. डावा अजून नाही. बारामतीच्या चढाईच्या भिंतीवर गव्हाणीसारख्याच कमरेइतक्या उंच खाचेत पाय पोचत नाही म्हणून पोरगी हिरमुसली होती. रविवारी संघाची निवड आहे. मांड्या ओढून ओढून नुसत्या दुखवून घेत होती. शेवटी म्हटलं, माझ्यासारखी धार काढायला बस.

"आई, म्हशीचा काय संबंध?"

"आधी टाचा टेकव, मग विचार."

गुडघ्यांत बादली धरून उकिडवी बसली, टाचा टेकवायला गेली आणि मागे शेणात पडली. आमचे हे दारातून म्हणाले, "म्हस बी हसाय लागली बघ!" तरी रोज बसत राहिली. आता टाचा टेकतात, आणि जांघा मोकळ्या झाल्यामुळे पायही वर जातो.

पण डावाच का अडतो? माझा अडत असेल? गोठ्यात कोणी नाही असं पाहून पदर खोचला. उजवा टेकला. मग डावाही! या वयात? मग त्या भिंतीवर काय होईल?

रविवारी फक्त बघायला येते, असं मुक्ताला सांगितलंय. जुना पंजाबी ड्रेस मात्र धुऊन वाळत घातला आहे.