स्वातीचे डोळे अन् माझं इंग्रजी

३ एप्रिल
आमच्या स्वातीचे डोळे आले. लालभडक. डॉक्टर म्हणे आठ दिवस पुस्तक न्हाई, मोबाईल न्हाई. अन् बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा इंग्रजीचा पेपर १२ ला. पोरगी गॉगल लावून रडली. तिची आई म्हणाली, तुम्ही वाचून दाखवा. मी दहावी नापास, तेही इंग्रजीत. तिला म्हाईत हाये, तरी म्हणाली.

४ एप्रिल
दुकानात शिलाई मशीनजवळ तिला स्टुलावर बसवलं. वही तिचीच, साहित्यातल्या शब्दांची. पहिलाच शब्द वाचला, सिमिले. ती म्हणे, सिमिली. उपमा. मंग तसं लिहीत काहून न्हाईत? दुसरा मेटाफर, म्हणजे रूपक. दोन शब्दांत दोन तास गेले अन् एका ब्लाऊजची बाही उलटी बसली.

५ एप्रिल
हायपर्बोली. अतिशयोक्ती. देशमुखबाई ब्लाऊज न्यायला आल्त्या. म्हणाल्या, शंभर चकरा मारल्या. तिसरीच होती. माझ्या तोंडून गेलं, हायपर्बोली. त्यांना वाटलं गळ्याचा नवा प्रकार. पुढचं तसंच शिवा म्हणाल्या.

७ एप्रिल
काल लिहायचं राह्यलं. आयरनी काही कळंना. स्वातीनं तीनदा सांगितलं, बोलायचं एक, अर्थ उलटा. मी म्हटलं, असं तर तुझी आई रोजच बोलते. आतमधी ऐकू गेलं. जेवताना भाजीत मीठ न्हाई. मागितलं तर म्हणाली, "तुम्ही आता शिकलेले माणसं, तुम्हाला कशाला लागतं मीठ."
कळली आयरनी.

९ एप्रिल
मेहुणा सुभाष स्थळ घेऊन आल्ता. मुलगा जालन्याचा, स्वभाव शांत, सध्या चांगल्या संधीच्या शोधात. काल युफेमिझम झाल्तं, कडू गोष्ट गोड करून सांगणं. विचारलं, "हे युफेमिझम हाये का?" तो म्हणे, "न्हाई भाऊजी, कॉमर्स."
मंग सरळ विचारलं. दोन वर्षं घरीच हाये. शांत म्हणजे दिवसभर मोबाईल. स्वातीची आई म्हणे, बघायला काय जातं. १३ तारीख ठरली. मला कोणी विचारलं न्हाई.

१० एप्रिल
स्वातीचा एक डोळा उघडला. तरी म्हणे, अप्पा, तुम्हीच वाचा. मधीच हळू म्हणाली, एम.ए. करायचं, संभाजीनगरला. मी काज करून राह्यलो होतो. एकाच जागी दोन काजं पडली.

१२ एप्रिल
परतूरला पेपर. तीन तास लिंबाखाली बसलो. पोरगी बाहेर आली, म्हणे सगळं आलं, एक सोडून. एस वाय एन पासून लंबा शब्द. "आपण केल्ता का, अप्पा?"
वहीत नव्हता म्हटलं.
होता. मला वाचता येईना म्हणून पान उलटलं होतं. घरी येईपर्यंत एसटीत खिडकीतून बाहेरच पाहत बसलो.

१३ एप्रिल
पाव्हणे आले. मुलगा, त्याचे वडील, सुभाष. मुलगा खरंच बोलंना. चहा झाला. कोणी काही विचारंना म्हणून मीच म्हटलं, पोरीला एम.ए. करायचं. स्वातीच्या आईनं माझ्याकडं असं पाहिलं की
असो.
मुलानं टेबलावरची वही उचलली. पानं चाळली. पहिल्यांदाच तोंड उघडलं, "सिनेक्डकी." स्वाती सरळ बसली, पेपरातला तोच शब्द. त्यानं सांगितलं, एक भाग बोलून सगळं सांगायचं. "जशी घरात खाणारी पाच तोंडं."
त्याचे वडील म्हणाले, त्यातलं एक हेच.
पोरगी हसली. मंग वही पाहिली, मंग मला.
पाव्हणे गेल्यावर कपबशा धुताना म्हणाली, "तुम्ही सोडला होता ना?" हो म्हटलं. तिनं ओली बशी माझ्या हातात दिली, पुसायला.

१४ एप्रिल
पाव्हण्यांचा फोन न्हाई. निकाल जूनमधी. सकाळी स्वाती म्हणाली, एम.ए. करायचंच, त्यात बदल न्हाई. अन् सुभाषमामाकडून त्या मुलाचा नंबर घ्या. शब्द विचारायला.
स्वातीची आई मशीनजवळ उभी, हा होकार धरायचा का म्हणून. सुईत दोरा ओवेपर्यंत थांब म्हटलं. ओवला. ती उभीच हाये.