गुरुवारी रात्री नऊला रस्ते ओस

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. आत्मचरित्राला कच्चा माल लागेल. प्रकाशक मागे लागल्यावर आठवत बसायला वेळ मिळत नाही. सध्या कोणी मागे लागलेलं नाही, पण तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला मी नाही.

मोठी बातमी. माझी मालिका पुन्हा निघते आहे. नव्याने. ती काढणाऱ्यांच्या ऑफिसातल्या मुलीचा फोन आला, सरांना तुम्हाला भेटायचंय, वेळ आहे का. मी म्हणालो, डायरी बघावी लागेल. मग फोनजवळ पेपर फडफडवला आणि गुरुवार सकाळ दिली. एकदम हो म्हटलं की भाव उतरतो.

पुढच्या पिढीसाठी नोंद: चाळीस वर्षांपूर्वी, दर गुरुवारी रात्री नऊ वाजता, मी इन्स्पेक्टर. काळा चष्मा काढायचा. सावकाश वळायचं. थांबायचं. मग वाक्य. त्या थांबण्यावर लोकांचे श्वास अडकायचे. रस्ते ओस पडायचे. हे मी म्हणत नाही, तेव्हाच्या पेपरात छापून आलंय. कात्रण लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलं आहे. सौ.ने त्याच्यापुढे फ्रीज आणून ठेवला, पण डाव्या बाजूने वाकलं की दिसतं.

४ मार्च
कन्या आणि जावई जेवायला. जावयाला मालिकेचं सांगितलं. रस्ते ओस पडायचे हेही सांगितलं. त्याने विचारलं, तेव्हा दुसऱ्या चॅनलवर काय असायचं. मी म्हणालो, दुसरं चॅनल नव्हतंच, एकच होतं. तो म्हणाला, अच्छा. आणि जेवायला लागला.

तो अच्छा मला आवडला नाही. मुलगा कम्प्युटरमध्ये आहे, कलेतलं काय कळणार त्याला. गाढवाला गुळाची चव काय.

५ मार्च
संकल्प: रोज सकाळी सहाला चालणे. गोड बंद. पोट महिन्यात आत. इन्स्पेक्टरचा जुना शर्ट घालून पाहिला. मधली तीन बटणं लागत नाहीत. वर्षानुवर्षं कपाटात राहिलं की कापड आटतं.

नवीन नटांचं काम अभ्यास म्हणून पाहिलं. काल कन्येच्या फोनवर. सगळे पुटपुटतात. संवाद आहे की झोपेतली बडबड, कळत नाही. भिंतीला टेकतात, डोकं खाजवतात, आणि याला म्हणे नैसर्गिक अभिनय. नैसर्गिकच करायचं तर लोकांनी पडदा कशाला बघावा, खिडकी उघडावी. आणि प्रेक्षक तरी कसले. हातातल्या एवढ्याशा काचेवर बघतात, मध्येच थांबवून संडासला जातात. आमच्या वेळी प्रेक्षक रोखून धरायचा. आम्ही थांबत नव्हतो.

६ मार्च, गुरुवार
भेट झाली. ऑफिसात खुर्च्या नाहीत, मऊ पोती आहेत. बसलो ते बुडालोच. दिग्दर्शक म्हणजे एक दाढी आणि तिच्यामागे तिशीचा मुलगा. मला अरे सर, अरे सर म्हणत होता. त्याच्या आत्याला आमची मालिका फार आवडायची म्हणे. विशेषतः सुरुवातीचं संगीत.

मी चष्मा काढला, वळलो (पोत्यात जमेल तेवढा), थांबलो. दाढीने विचारलं, सर, पाणी हवंय का.

मग त्याने विचारलं की तुम्ही असं थांबायचात ते का. आता हे गुपित, पण खरं सांगून टाकलं. कॅमेरा एकच. तो माझ्यावर आणायला दोन माणसांना ढकलावा लागायचा. तो येईपर्यंत बोलून उपयोग नसायचा. दाढी हसली. पण कॅमेऱ्यामुळे थांबणं वेगळं आणि थांबण्यात जान ओतणं वेगळं. त्याच कॅमेऱ्यासमोर हवालदाराचं काम करणाराही थांबायचा. तो कोणाला आठवतो?

भूमिका: इन्स्पेक्टरचे वडील. आजारी, अंथरुणावर. पाच प्रसंग. संवाद नाहीत. सर, सगळं डोळ्यांनी बोलायचंय, असं दाढी म्हणाली. इन्स्पेक्टर कोण, तर एक पुटपुट्या.

विचार करून कळवतो म्हणालो. पुढच्या शुक्रवारपर्यंत, म्हणजे १४ तारखेपर्यंत कळवा, म्हणाला. पोत्यातून उठायला दोघांचा हात घ्यावा लागला. तेवढा प्रसंग सोडला तर भेट दिमाखदार झाली.

संध्याकाळी
सौ.ला सांगितलं की महत्त्वाची भूमिका देऊ केली आहे, माझ्या विचाराधीन आहे. कसली, तिने विचारलं. कुटुंबप्रमुखाची, म्हणालो. करा मग, म्हणाली. मी म्हणालो, प्रश्न असा आहे की, त्यात संवाद थोडे कमी आहेत. किती, तिने विचारलं. मी विषय बदलला. तर म्हणते, मला कळलं, झोपून राहायचंय ना, तुमची तयारी आहे त्याची.

हिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही.

७ मार्च
पहाटे चालायला गेलो. सव्वाआठला. गर्दी जमू नये म्हणून काळा चष्मा लावला. तरी एकाने ओळखलंच. तरुण मुलगा, जवळ आला, न बोलता माझा हात धरला आणि अदबीने रस्ता ओलांडून दिला. वर म्हणाला, काका, पुढे पायरी आहे, सांभाळून. मला खरं तर त्या बाजूला जायचं नव्हतं, पण चाहत्याचं मन मोडवेना.

सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने नाव आणि फ्लॅट नंबर विचारला. अकरा वर्षं राहतो इथे. कडक माणूस आहे, असेच हवेत.

९ मार्च
गुडघा. चालणं नाही.

१० मार्च, सोमवार
देव आहे. आमच्या तेव्हाच्या चॅनलचं पन्नासावं वर्ष, शनिवारी २२ तारखेला जुन्या स्टुडिओत समारंभ. जुने कलाकार, जुन्या वस्तूंचं प्रदर्शन, सर्वांना मुक्त प्रवेश. आमंत्रण आलं. पाकिटावर माझ्या नावाचं पहिलं अक्षर चुकलंय, कारकुनांना आता शिकवतं कोण.

योजना सुचली. दाढीला समारंभाला बोलवायचं. लोक माझ्यावर तुटून पडतील. ती गर्दी त्याने डोळ्यांनी बघायची. मग अंथरुणावर कोण झोपतं आणि इन्स्पेक्टर कोण होतो, बघू. म्हाताऱ्या इन्स्पेक्टरला शेवटच्या केससाठी परत बोलावतात, एवढं कथानक मी आत्ता बसल्या बसल्या रचलं.

१४ तारखेला काही कळवायचं नाही. मौनाला किंमत असते.

सौ.ला योजना सांगितली. ती कपडे घड्या करत होती. म्हणाली, हो म्हणून टाका, काम आहे, घराबाहेर पडाल, चार माणसांत राहाल. सकाळपासून फ्रीजच्या बाजूला वाकून उभे असता, मला बघवत नाही. मी म्हणालो, ज्याच्यासाठी रस्ते ओस पडायचे तो खाटेवर पडून डोळे मिचकावणार नाही. ती म्हणाली, वासरांत लंगडी गाय शहाणी.

तिला म्हणायचं होतं ते कळलं. बाल्कनीत गेलो. घरात शांतता राहावी म्हणून.

१४ मार्च, शुक्रवार
कळवलं नाही. ऑफिसातल्या मुलीचा सकाळी एकदा, दुपारी एकदा फोन. दोन्ही वेळा वाजू दिला. अगदी घायकुतीला आले आहेत. तिसऱ्यांदा वाजला की उचलायचा, असं ठरवून फोनजवळ बसलो.

तिसऱ्यांदा वाजला नाही. म्हणजे समजून चुकले.

१७ मार्च
भाषण तयार. चाळीस मिनिटांचं झालंय. कन्या म्हणाली, बाबा, दोन मिनिटं देतील. हिला समारंभ काय माहीत. लोकच म्हणतात, बोला, बोला.

सह्यांसाठी तीन पेनं आणली. सरावाला पेपराच्या कडेवर सह्या केल्या. सौ.ला वाटलं, हिशेब चाललाय.

२० मार्च
केस काळे केले. डावा कानही झाला. घासून निघत नाही. उजवी बाजू लोकांकडे ठेवायची, तशीही माझी उजवी बाजूच चांगली असं तेव्हाचा कॅमेरामन म्हणायचा.

गुरुवार आहे हे रात्री नऊ वाजता लक्षात आलं. बाल्कनीत जाऊन बघितलं. रस्त्यावर ही गर्दी.

२१ मार्च
दाढीला मेसेज पाठवला, उद्या अवश्य या. अंगठ्याचं चित्र आलं. एकच अंगठा, पण उभा.

२३ मार्च, रविवार, सकाळ
कालचं लिहायला हवं. लिहावंसं वाटत नाही, पण सौ. भाजी आणायला गेली आहे, तोवर उरकतो.

स्टुडिओ तसाच आहे, फक्त लहान झालाय. माणसं खूप होती. मी उजवी बाजू करून आत शिरलो. एका कोपऱ्यात हीऽ गर्दी, फोन उंच धरलेले, ढकलाढकली. मला वाटलं, माझं पोस्टर लावलं असणार. खांद्यांवरून बघितलं, तर प्रक्षेपण बंद पडलं की लावायचे ती पाटी. थोड्या वेळात परत येऊ, तसदीबद्दल क्षमस्व. पुठ्ठ्याची. लोक तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढत होते. एक बाई पाटीला हात लावून चक्क रडत होती. मी पाटीशेजारी जाऊन उभा राहिलो, चष्मा काढला. मागून कोणीतरी म्हणालं, काका, जरा बाजूला होता का, पाटी झाकली जातेय.

झालो बाजूला. पुठ्ठ्याशी स्पर्धा कोण करणार.

भाषणाला माझं नाव पुकारलं, पहिल्या अक्षरासकट चुकीचं. मी माइकसमोर गेलो. म्हणालो, मित्रहो. चष्मा काढला. सावकाश वळलो. थांबलो. लोकांना वाटलं, झालं. टाळ्या वाजल्या, सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माझ्या हातात फूल दिलं आणि बातम्या वाचणाऱ्या बाईंना बोलावलं. बाईंनी फक्त नमस्कार म्हटलं तर सभागृह उभं राहिलं. चाळीस वर्षं दुसऱ्याने लिहून दिलेलं वाचलं हो त्यांनी.

दाढी भेटली. मी विचारलं, मग, कधी बसायचं बोलायला. तो ओशाळला. म्हणाला, सर, तुम्ही फोन उचलला नाहीत, शेवटी वडिलांचं काम हवालदारकाकांना दिलं, काय डोळे आहेत हो त्यांचे. हवालदार तिथेच होता. माझ्या हाताखाली उभा राहून फक्त होय साहेब म्हणायचा. चाळीस वर्षं मिळेल ते करत आला, परवा नळाच्या जाहिरातीत गळका पाइप धरून बसला होता. त्याने मला मिठी मारली. म्हणाला, साहेब, तुम्ही नाही म्हणालात म्हणून मला मिळालं. मी अभिनंदन केलं. त्यात माझा अभिनय चांगला झाला, पण बघायला कोणी नव्हतं.

मला त्या क्षणी ती खाट हवी होती. अगदी लहान पोराला खेळणं हवं असतं तशी हवी होती. ते पाच प्रसंग, ती उशी, ते गप्प पडून राहणं.

बाहेर व्हरांड्यात आलो. बाकावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. पेपरात वाचून एकट्याच आल्या होत्या. आपणहून बोलायला लागल्या. आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आमचा, म्हणाल्या. गुरुवारी सगळी गल्ली आमच्या खोलीत. दाराबाहेर चपलांचा ढीग, घरी जाताना अर्ध्यांच्या अदलाबदल व्हायच्या. यांचं काम अँटेना धरायचं, गच्चीवर. वरून ओरडायचे, आलं का. आम्ही खालून ओरडायचो, आलं, आलं, अहो गेलं, तिथेच थांबा. म्हणाल्या, दोन वर्षं चालली ती मालिका, यांनी एकही भाग बघितला नाही. मला कायम वाटायचं, एकदा मी वर जावं आणि यांनी खाली बसावं. राहून गेलं.

मी विचारलं, कोणती मालिका. इन्स्पेक्टरची, म्हणाल्या. तो कोण होता काही आता आठवत नाही. आम्ही काय, जे लागेल ते बघायचो. खतांची माहिती लागली तरी बसायचो. एकत्र बसायचं निमित्त.

मला राहवलं नाही. म्हणालो, पण गुरुवारी रात्री नऊला रस्ते ओस पडायचे. पडणारच, म्हणाल्या, सगळे आमच्या घरात असायचे.

मग त्यांनी विचारलं, तुम्ही कोणाकडे जायचात बघायला?

तोंडापर्यंत आलं होतं. चष्माही हातात होता. पण प्रश्न साधा होता आणि त्याचं उत्तरही होतं. आमच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता. सौ. आणि मी खालच्या शिंप्याकडे जायचो. ती बायकांत घुसून पुढे बसायची. मला जागा नसायची, मी दारात. आत पन्नासएक डोकी, सगळी पाठमोरी. मी पडद्यावर आलो तरी कोणी मागे वळून बघितल्याचं आठवत नाही. एकदा शिंप्याचे वडील म्हणाले होते, अरे दारातल्या, दार लावून घे, बाहेरच्या दिव्याचा उजेड येतोय.

शिंप्याकडे, म्हणालो. दारात उभा असायचो, आत जागा नसायची.

दारातून काय दिसणार, त्या म्हणाल्या. आणि पिशवी उचलून बाजूला सरकल्या. म्हणाल्या, आता बसा. जागा आहे.

बसलो. कोणी बोलावेपर्यंत तिथेच होतो, त्या बाई गेल्यावरही.