कलमांच्या मुळाशी खार

१८ मार्च १९६३
शिमगा आटपला. मी सांगते, नात शाली लिहिते. मला अक्षरं येत नाहीत, तिला शिव्या येत नाहीत. दोघींचं मिळून एक धड माणूस होतं.

बाबल, माझा थोरला, मुंबईहून आलाय. चार दिवस बसून जेवला, आज एकाएकी बागायतदार झाला. बांगडे खारवलेल्या पिंपात तळाला जो खार उरतो, तो आम्ही माडांच्या मुळाशी ओततो. वाडवडिलांपासून. ह्याने तो घागरी भरभरून आंब्याच्या कलमांना घातला. वर मिठाच्या टोपल्या. सांगतो कधी, तर रात्री जेवताना. "आये, माडाक चलता तर हापूसाक कित्याक नको? फुडल्या वर्सा बघ कसो मोहर येता तो."
कलमं सात. धाकट्याने लावली आणि त्याच पावसाळ्यात तो तापाने गेला. जगवली त्याच्या बायकोने, सुमतीने. शालीची आई. दर उन्हाळ्यात विहिरीवरून घागरी वाहून.

२७ मार्च
पानं कडेने करपली. शेंडे खाली. माती ओली आणि झाड तहानलेलं, असलं सोंग मी जन्मात पाहिलं नाही. सु. घागर घेऊन निघाली तर बाबलने अडवलं. "ओल जास्त झाली, सुमती. मुळां कुजतली."
मी म्हटलं, तुझ्या खाराचं असेल. तर म्हणे, "खत घालून झाड मरता? कोणी सांगितल्यान?" पाहुण्याचा तोरा. रजा वाढवून बसलाय.

२ एप्रिल
देवळात कौल लावला. गुरवाने देवाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. बाबलने विचारलं, कलमांवर कोणाचं काय केलेलं आहे काय? उजवी पडली, म्हणजे होय. घरच्या माणसाचा हात काय? पुन्हा उजवी.
गावचे चार मानकरी बसलेले. बाबलने सुमतीकडे पाहिलं. "रोज कलमांक हात लावणारां माणूस घरात एकच."
देव खोटं बोलला नाही. हात घरचाच होता. पण देव नाव घेत नाही, तिथेच सगळी पंचाईत.
सु. पदर सावरून उठली, पुढे चालू लागली. देवळापासून घरापर्यंत मागे वळून बघितलं नाही.
शालीने टाक खाली ठेवला. म्हटलं, तुझ्या आईचं आहे म्हणूनच लिही.

५ एप्रिल
बाबल म्हणतो, सु.ने माहेरी जावं. मिठबावला. "थोडे दिवस." विधवेचे थोडे दिवस किती असतात ते मला माहीत आहे.
शालीने शाळेचं पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. जसं काय मी वाचणार. मग तिनेच सांगितलं. झाड म्हणजे बारीक बारीक पेशी. प्रत्येकीला कांद्यासारखा पापुद्रा. त्यातून पाणी सुखाने ये-जा करतं, मिठाला सहसा वाट नाही. जिकडे खारट जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. मातीत मीठ पडलं की मुळं पाणी पीत नाहीत, उलट मुळांतलंच पाणी मातीत जातं.
म्हणजे बाबलने झाडांना पाजलं नाही. झाडांना पिळलं.
मी विचारलं, "मिठाक वाट नाय, तर माजी खारातली कैरी खारट कशी होता गो?" उद्या मास्तरांना विचारते म्हणाली. मज्जा वाटली. नंतर वाटेनाशी झाली.

६ एप्रिल
जामसंड्याच्या शाळेतून शाली मास्तरांचं उत्तर घेऊन आली. पापुद्रा जिवंत आहे तोवर राखण करतो. पेशी मेली की त्याचं चालत नाही, मीठ खुशाल आत शिरतं. कैरी खारट लागते कारण ती मेलेली असते.

आणि माड? माड आपल्या रसात आधीच क्षार साठवून असतो, म्हणून खारट जमिनीतूनही पाणी ओढू शकतो. आंब्याला ती कला नाही. म्हटलं, मी माड. सुमती आंबा. तिला वाटतं, गप्प बसलं की लोक दमतील.

७ एप्रिल
कणगी, आमच्याकडचा रताळ्यासारखा कंद, कापली. एक फोड गोड्या पाण्यात, एक खारात. सकाळी दोन्ही बाबलच्या हातात दिल्या. गोड्यातली ताठ, मोडली तर कट्‌ वाजली. खारातली चिंधीसारखी लोंबली. शालीने त्याला सगळं समजावून सांगितलं, अगदी काका काका करत.
त्याने खारातली फोड बोटाभोवती गुंडाळली. परत उलगडली. कळलं त्याला. पोटचा आहे, मान खाली घातली की कळतं मला.
"आता गावात जावन काय सांगू? कलमां मीच मारलंय म्हणून?"
"तसांच सांग."
"आये, चार मानकऱ्यांसमोर बोललंय मी."
फोड कोंबड्यांना टाकली. कोंबड्यांनीही ती खाल्ली नाही.

९ एप्रिल
सु. गेली. भाऊ बैलगाडी घेऊन आला होता. शाळेसाठी शाली माझ्याकडे. सु.ने जाताना मला नमस्कार केला आणि म्हणाली, "कलमांक गोडा पाणी घाला. भरपूर." तिच्यावर आळ, आणि तिला काळजी कलमांची. मला रागच आला तिचा.
दुपारच्या मोटारीने बाबलही गेला.

१२ मे
मी आणि शाली रोज पाणी ओततो, मीठ खाली धुऊन जावं म्हणून. विहीर तळाला लागलीय. पाच कलमं वाळून काटक्या. दोन अजून हिरवी, म्हणजे नख मारलं तर आत हिरवी.
शाली आईसारखी चालते घागर घेऊन. ते तिला सांगितलं नाही.

२३ जून
पाऊस उघडला तशी मिठबावला गेले. सु. भावाच्या ओटीवर जाळं दुरुस्त करत बसलेली. भावजय चहा द्यायला दोनदा विसरली.
म्हटलं, चल. म्हणाली, "भावजी येवन बोलले तर येतंय. जिथे बोलले, थंयच बोलूक व्हया. देवळात."
पहिल्यांदाच सुनेने मला उलट उत्तर दिलं. चांगलं दिलं.
चतुर्थीला बाबल येईल तेव्हा बघू.

२ सप्टेंबर
चतुर्थी झाली. बाबल आला नाही. सुट्टी नाही म्हणे. गणपतीला मिळत नाही असली सुट्टी मी ऐकली नव्हती.

३० ऑक्टोबर
दोन्ही कलमांना तांबूस पालवी. पावसाने सगळं मीठ धुऊन नेलं. शाली नाचली. मीही थोडं, कंबर सांभाळून.
संध्याकाळी शेजारीण कुंपणावरून बघून म्हणाली, "बघलंस मा गो काकी? ती गेली आणि कलमां जगली."
पाऊस कोणाला दिसलाच नाही.

२१ नोव्हेंबर
गावच्या जत्रेला बाबल आला. पिशवी ठेवली नाही, आधी परसात गेला. पालवीला हात लावून म्हणतो, "बघ आये. मी सांगी होतंय. ती गेली..."
पुढचं मी बोलू दिलं नाही.
यंदाचे बांगडे खारवून झालेत, पिंपात खार आहे. चारही मानकरी आणि गुरव उद्या सकाळी चहाला बोलावलेत. त्यांच्यासमोर दोनांतल्या एका कलमाला मी माझ्या हाताने खार घालणार. सुमती मिठबावला आहे. दहा दिवसांनी त्यांनीच येऊन बघावं, कौल लावायची गरज नाही.
बाबल पांढरा पडला. "तुजां डोक्यां फिरलां काय? धाकट्याचां झाड ता!"
म्हटलं, सुमती पण त्याचीच.
तो उठून पडवीत गेला. अजून तिथेच आहे, विड्या ओढतोय.
शाली विचारते, कुठलं मारणार? विहिरीकडचं की कुंपणाच्या वईकडचं? आणि मग विचारते, "आजये, झाड मेलां, आणि तरी काका माज्या आयशीक आणूक गेलो नाय तर?"
वईकडचं, म्हटलं.