खारा बांगडा मिळाला

ताइफ,
७ एप्रिल २०१७

प्रिय आबिदा,

अस्सलामु अलैकुम. मी खुशाल आहे. अम्माचे गुडघे कसे आहेत? लाइबाची परीक्षा संपली असेल. तू ताजुद्दीनबरोबर पाठवलेला खारा बांगडा मिळाला. मीठ टाकताना तुझा हात अजून तसाच सढळ आहे.

ताजुद्दीन काल पुन्हा येऊन सांगून गेला, आपल्या उसामाला ताइफचा व्हिसा आला म्हणून तुम्ही पेढे वाटलेत. आबिदा, त्याला पाठवू नकोस. इथं थंडी फार, त्याची छाती नाजूक. आणि काम कुठं आहे? मोबाइलच्या दुकानात फक्त सौदी माणसंच बसणार, असा हुकूम निघाला आणि माझा मालक, कफील, म्हणाला, "खलास मुस्तफा, यल्ला." एवढ्यावर सगळी नोकरी संपली.

थंडीचं कारण तुला पटणार नाही. मला खोटं बोलता येत नाही, हे लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच तू ओळखलं होतंस. तर ऐक.

नोकरी गेली तेव्हाच मी हर्णेला यायला हवं होतं. रिकाम्या हातानं यायची लाज वाटली. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपला, पोलिसांची तपासणी वाढली, म्हणून डोंगरात गुलाबाच्या मळ्यांमागे लपलो. तिथं एका कुंपणाआड पऱ्यांचं घराणं राहतं. हसू नकोस. अम्मा सांगायची त्या पंखवाल्या पऱ्या नव्हेत या. बडी माणसं आहेत. उंच, देखणी, सावली नसलेली, आणि मानापानाला आपल्या फुफीपेक्षा कडक. त्यांची बडी बीबी माझ्याशी चक्क आपल्या बोलीत बोलली, "आमचा हो. मग तुला कोन काय इचारनार नाय."

फुलावर हात ठेवून मी शपथ घेतली. या घराण्याचाच हुकूम मानीन, दुसऱ्याचं मीठ तोंडात घालणार नाही, माझा आवाज कुंपणाबाहेर जाऊ देणार नाही. तेव्हापासून पोलीस शेजारून जातात आणि त्यांना मी दिसत नाही. तुझा फोन घेतला नाही तो यामुळे. मी रागावलो नव्हतो गं.

इथं सगळं गोड. हिवाळाभर मध आणि रोटी खाल्ली. ताजुद्दीन मळ्यातली गाडी चालवतो, त्यानं मला वर जाताना पाहिलं होतं. तो तुझी पिशवी घेऊन कुंपणाशी आला आणि, हातात आपल्या घरचं मीठ होतं म्हणून असेल, त्याला मी दिसलो. गुलाबाच्या वाळक्या काटक्यांवर बांगडा भाजला, काट्यांसकट खाल्ला आणि रडलो. वास साऱ्या घराण्यात गेला.

बीबी म्हणाली, "दुसऱ्याचं मीठ खाल्लंस."

"दुसऱ्याचं नाही. माझ्या घरचं."

"मंग त्या घरातला एक मानूस आमाला दे."

मी नाही म्हणालो. थोड्याच दिवसांत उसामाचा व्हिसा आला. इथं जुन्या माणसांना हाकलतायत, ताजुद्दीनसुद्धा कायमचा परत चाललाय, हे पत्र तोच आणेल. आणि आपल्या पोराला न मागता व्हिसा? कुणी दिला, विचारलंस? तो कागद नाकाशी धरून बघ. गुलाबाचा वास येईल.

मी बीबीचे पाय धरले. व्हिसा मागे घ्यायला तिनं एकच मार्ग सांगितला, दुसरी शपथ. पहिलीनं तोंड बांधलं, दुसरीनं आठवण जाते. मग मला घरच नाही, म्हणजे त्या घरातलं माणूस मागायचा प्रश्न नाही. उद्या पहाटे फजरची नमाज झाली की फुलं खुडायची, आणि मग शपथ. मला भीती वाटते, आबिदा. पण पोराची जास्त वाटते. त्यांच्या शब्दाचा भरवसा नाही, म्हणून तूही तो कागद चुलीत घाल.

उसामा चिडेल. चिडू दे. सांग, अब्बानं दुसरं घर केलं. तसं ते खरंच आहे.

बांगड्याचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. इतकं चवदार मी जन्मात खाल्लं नव्हतं. तुझ्या हाताला कधी चांगलं म्हटलं नाही, आज म्हणतो. यापुढे मात्र पिशवी पाठवू नकोस. ती कुणाकडून आली, मला कळणार नाही.

अम्माला सलाम. लाइबाला, उसामाला दुआ. तुमची नावं सकाळपासून मनात घोळवतोय.

फुलं खुडून होईपर्यंत तुझाच,
मुस्तफा