प्लग उपसण्याआधी

बाई, मागच्या आठवड्यात पुण्याहून एका इंजिनियर मुलीचा फोन आला होता. मला रिटायर होऊन पंचवीसेक वर्षं झाली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा रांगेत उभा आहे, आणि ही पोरगी मला विचारते, "मॅडम, तुम्ही लिहिलेल्या ड्रायव्हरमध्ये कार्ड बंद करताना प्रोग्राम थोडा थांबून राहतो, ते कशासाठी? नवीन कार्डांसाठी आम्ही तोच कोड वापरतोय. ते थांबणं काढून टाकलं तर चालेल का?" मी तिला कागदावर शोभेल असं नीट उत्तर दिलं आणि काढू नकोस म्हणून बजावलं. ती "थँक्यू मॅडम" म्हणाली. पण फोन ठेवल्यावर मला काही चैन पडेना. ते थांबणं माझ्या कोडात कुठून आलं हे तिला काय सांगणार? ते तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि तेवढं एकच मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुम्ही वारल्यावर दोन-तीन वर्षांनी अमरावतीला आमच्या तपासणी विभागात कॉम्प्युटर आला. त्याच्या पोटात एक हिरवं कार्ड बसवायचं. त्या कार्डाला सोळा वाटा, आणि एकेका वाटेनं टेलिफोनच्या लाइनी तपासायच्या. कार्डाकडून काम करून घ्यायचं तर 'सी' नावाच्या भाषेत लिहावं लागे. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. शिकायला पाठवलं तेव्हा वर्गातल्या पोरांना वाटलं, कुणाची तरी आई डबा द्यायला आली आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "म्हंजे करून काय राह्यली होतीस व तू तिथं?" तर ऐका. कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामला कार्डाला थेट हात लावू देत नाहीत. एकानं काही वेडंवाकडं केलं तर अख्खं यंत्रच बसायचं. म्हणून दोघांच्या मध्ये एक जण असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. प्रोग्राम त्याला म्हणतो, मला सात नंबरची वाट उघडून द्या. ड्रायव्हर पाहतो, वाट मोकळी आहे का. नसेल तर 'बिझी' म्हणून परत पाठवतो. असेल तर एक आकडा हाती देतो. पुढे जे काही मागायचं ते तो आकडा सांगून मागायचं. मग लिहा, वाचा, काम झालं की बंद करा. मास्तरांनी हे फळ्यावर काढलं आणि मी वर्गात मोठ्यानं हसले. मास्तरांना वाटलं, बाईंच्या डोक्यावरून गेलं. डोक्यावरून कशाला जातंय! हे तर आपलं अकोल्याचं टेलिफोन जोडायचं बोर्ड होतं. विसाव्या वर्षी मी स्वतःच ड्रायव्हर होते की.

छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्याच दिवसांत वडिलांनी सांगून टाकलं होतं की पोरगी मॅट्रिक होईल. मी झाले, आणि पुढे अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात लागले. आमच्या घरातली ती पहिली सरकारी नोकरी, आणि तीही दोन वर्षं कच्ची. तक्रार आली की घरी. पहिल्या दिवशी त्या लाकडी बोर्डासमोर बसले तर हात पुढे करायचीच भीती वाटत होती. पुरुषभर उंचीचं बोर्ड, भोकांच्या रांगाच रांगा, त्यांत दोरीचे प्लग खोचून दोन लाइनी जोडायच्या, कुणी फोन उचलला की पत्र्याची एक झाकणी खट्‌कन खाली पडायची. तुम्ही माझ्या मागे उभ्या. "भिऊ नोको. बोर्ड चावत नाई." दुपारी बाकीच्या जणी आपापले डबे घेऊन खिडकीकडे सरकल्या. तुम्ही तुमची भाकर मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर ठेचा ठेवला, आणि मग खोलीभर नजर फिरवलीत, कुणाला काही म्हणायचंय का म्हणून. कुणाला काही म्हणायचं नव्हतं. तुमच्यापुढे कुणाची बिशाद होती!

तुमचे नियम दोनच. कॉल जोडून दिला की ऐकायची चावी लगेच बंद करायची. "आपलं काम जोडून द्याचं. बोलनं त्यायचं, आपलं नाई." आणि प्लग उपसण्याआधी चावी उघडून विचारायचं, "बोलणं झालं का?" उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाही.

तुमची लेक तेव्हा सहा वर्षांची होती आणि अमरावतीला तुमच्या बहिणीकडे राहत होती. यजमान गेले, अकोल्याची नोकरी मिळाली, पाळ्या कधी सकाळच्या, कधी रात्रीच्या. एकटीनं लहान पोर सांभाळायचं कसं? महिन्यातून एका रविवारी तुम्ही बसनं तिच्याकडे जायच्या. एकदा परत आल्यावर हसत हसत सांगितलंत, "ते मावशीले आई म्हनते. अन् मले म्हनते, अकोल्याची आई." बोर्डावरच्या सगळ्या जणी हसल्या. तुम्ही हेडसेट चढवलात आणि पुढचा कॉल घेतलात. अमरावतीला बदली मिळावी म्हणून तुम्ही किती अर्ज केले होते ते सगळ्या एक्स्चेंजला ठाऊक होतं. त्या उन्हाळ्यात तिथली एक जागा खरोखरच रिकामी झाली. आता नुसतं पत्र यायचं बाकी, असं सगळे म्हणत होते. तुम्ही लेकीसाठी दोन फ्रॉकही शिवून ठेवले होते, जरा मोठ्या मापाचे.

आणि ती दुपार. मे महिना आहे. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून झालंय, तरी बोर्ड तापलंय. तुम्ही मागे पाणी प्यायला गेल्या आहात. वरच्या मजल्यावरून साहेब अमरावतीचं मोठं ऑफिस मागतात. मी जोडून देते. चावी बंद करायला बोट पुढे करते, आणि तेवढ्यात कानावर तुमचं नाव येतं. बोट तिथंच राहतं. साहेब म्हणतात, "त्यांना सोडायला माझी काही हरकत नाही हो. पण इथली नवी मुलगी अजून कच्ची आहे. ती तयार होईपर्यंत बाईंना इथून..."

मी दोन्ही प्लग उपसले.

काय अक्कल म्हणायची, बाई! मला वाटलं, वाक्य अर्ध्यात तोडलं तर ते अमरावतीला पोचणारच नाही. पाच मिनिटांत साहेबांनी दुसरीकडून कॉल जोडून घेतला, अख्खं वाक्य बोलले, आणि मग खाली आले. कॉल कुणी तोडला? मी उभी राहिले. तुम्ही पदराला हात पुसत पुढे आलात. "माह्या हातून झालं, साहेब. दोन्हीकडे चूप झालं होतं, मले वाटलं बोलनं झालं." साहेबांनी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते काही दुष्ट नव्हते. पण कच्च्या पोरीला पाठीशी घालायला बाई लागतातच, हे त्यांनी त्याच क्षणी पक्कं केलं असणार. पंधरा दिवसांनी अमरावतीच्या जागेवर दुसऱ्याच बाईंची नेमणूक झाली. तुमच्या अर्जावर उत्तर आलं, अकोल्याला गरज आहे. ते वाचून तुम्ही एवढंच म्हणालात, "फ्रॉक देऊन येतो रईवारी. नाई त आखूड होतीन."

त्या दुपारी पाळी संपल्यावर तुम्ही मला जिन्याखाली घेऊन गेलात. रागावला नाहीत. विचारलंत, "चूप झाले होते न ते?" मी म्हणाले, "हाव." एवढंच. माझ्या आयुष्यातली सगळ्यात आखूड थाप. तुम्ही मान हलवलीत. "मंग माहीच चूक. जोडाचं कसं ते शिकवलं तुले, पन चूप कसं आयकाचं ते शिकवलंच नाई."

आणि मग तुमच्या स्वयंपाकघरातले रविवार सुरू झाले. तुम्ही चुलीपाशी भाकरी थापत बसलेल्या, माझ्याकडे पाठ. मी पाटावर, हातात सांडशी. सांडशी म्हणजे प्लग, ती खाली ठेवली म्हणजे कॉल तोडला. तुम्ही वरूडचा संत्र्याचा व्यापारी व्हायच्या, कधी मुलीच्या सासरी फोन लावणारा बाप व्हायच्या, तावातावानं बोलायच्या आणि मध्येच गप्प. नुसता भाकरीचा थपथप आवाज. मी सांडशी लवकर खाली ठेवली की तिथूनच ओरडा: "ठेवली? कावून ठेवली? मानूस चूप हाये म्हंजे त्याचं संपलं असं नसते व! कधी तो रडून राह्यला असते, कधी शब्द शोधून राह्यला असते. थांबून पाय जरा. इचार त्याले." मग आपण दोघी जेवायचो. तुमच्या पातोडीच्या भाजीनं डोळ्यांतून पाणी निघायचं. दुपारी तुम्ही माझ्या डोक्याला तेल लावायच्या आणि बोर्डावरच्या एकेकीच्या नकला करून दाखवायच्या. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. डोक्याला असं तेल मला कुणी लावलेलं आठवत नव्हतं.

ड्रायव्हर लिहायची वेळ आली तेव्हा मला शिकवायची काही गरजच पडली नाही. कार्डाच्या आत एक छोटी जागा असते. प्रोग्राम लिहितो ते आधी तिथं साठतं आणि मग सावकाश लाइनवर जातं. प्रोग्रामला वाटतं आपलं झालं, तो 'बंद करा' म्हणतो, पण शेवटची चार अक्षरं अजून कार्डातच अडकलेली असतात. बाकीचे लोक सांगितलं की लगेच बंद करायचे आणि मग शेवटचा तुकडा कुठं गेला म्हणून दिवसभर शोधत बसायचे. माझा ड्रायव्हर थांबायचा. कार्डाला विचारायचा, झालं का? कार्डानं झालं म्हटल्यावरच वाट सोडायचा. साहेब लोकांनी कौतुक केलं, विचारलं, हे कुठं शिकलात? मी म्हटलं, अकोल्याला, भाकरी होईपर्यंत. सगळे हसले.

एकदा आमच्यातल्या एका हुशार पोरानं सुचवलं, "मॅडम, ड्रायव्हरमध्येच आदेश वाचून बघू. एखादा चुकीचा वाटला तर तिथंच गाळून टाकू, पुढे पाठवायचाच नाही." मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा चहा तसाच ठेवून उठला. काय पाठवायचं ते प्रोग्रामनं ठरवावं, मधल्यानं नाही! संध्याकाळी मी त्याची समजूत काढली, पण कारण काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, मॅडम, एवढ्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसलात.

त्या दुपारनंतर दोन वर्षांनी तुमची अमरावतीला बदली झाली. लेक आठ वर्षांची होती. तिनं तुम्हाला नुसतं 'आई' म्हणायला आणखी एक वर्ष घेतलं, हे तुम्हीच मला पत्रात कळवलं होतं, आणि त्याच्याच खाली 'तू वेळेवर जेवते न?' असंही. पुढे तुम्ही वारलात तेव्हा मी तुमच्या लेकीला भेटायला आले. तिनं माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, "आई नेहमी सांगायची, तुम्हाला तिनं थांबायला शिकवलं." मी म्हटलं, हो. पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती अजून इथंच अमरावतीला राहते, रिक्षानं दहा मिनिटं. हे पत्र तिला नेऊन देता येईल. मी देणार नाही, हे मला लिहायला बसतानाच ठाऊक होतं.

मी ऐकत होते, मी मुद्दाम तोडलं, हे तुम्हाला का सांगितलं नाही, याचं उत्तर मी स्वतःला वर्षानुवर्षं एकच देत आले: नोकरी कच्ची होती, भीती होती. ते खरंच आहे. पण ते पहिल्या महिन्यापुरतं. गप्प बसलेल्या माणसाला कसं ऐकायचं, ते मला दोन-तीन रविवारांत येऊ लागलं होतं, बाई. तरी मी मुद्दाम चुकायचे. चुकले की तुम्ही म्हणायच्या, "पुढच्या रईवारी पुन्हा ये," आणि त्यातल्या एका रविवारी तुम्ही त्यासाठी लेकीकडे जायची अमरावतीची बस सोडलीत.