हाताखालचा कोरा कागद

२ डिसेंबर, सोमवार
पुन्हा गेली! धडा निम्म्यावर आणि बोटं गायब. छापखान्यात मी ब्रेल प्रुफं मोठ्याने वाचते, समोर आमचे डोळस मास्तर शाईच्या प्रतीवर नजर ठेवतात. आज मध्येच म्हणाले, "अहो, बोटं बघा तुमची, खडूसारखी पांढरी!" बघा म्हणे! जन्मापासून काही बघितलं नाही, आता बोटांपासून सुरुवात करू? पांढरी, मग निळी, मग लाल होतात म्हणे. होऊ देत. मला एवढंच कळतं की हाताखालचा कागद अचानक कोरा होतो.

३ डिसेंबर, मंगळवार
डॉक्टरबाई: "थंडीने रक्तवाहिन्या आखडतात. गोळ्या देते, पण हातपाय गार पडू देऊ नका." वा! आमच्या खोलीत एसी लागतोच — दमट हवेत कागद मऊ पडतो, टिंबं दबतात. म्हणजे खोली गार ठेवली तर माझी बोटं जाणार, नाही ठेवली तर टिंबं!

ताईने लोकरीचे हातमोजे आणले. "अगं, घालूनच वाच ना." मी तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि म्हटलं, आता तू पेपर वाच. रुसली. पायमोजे मात्र ठेवून घेतले — पायांनी काही मी वाचत नाही.

५ डिसेंबर, गुरुवार
फजिती! भूगोलाचं पुस्तक. "टिंबं उठलेलीच नाहीत," मी ठणकावून सांगितलं. छपाईवाल्याने पानं पुन्हा काढली. पुन्हा सपाट! मग तो स्वतः आला, कागद माझ्या मनगटावर टेकवला. टिंबं चांगली टोचली. मी उगाच त्याच्या यंत्राला शिव्या घालत होते!

मॅनेजरांच्या कानावर गेलंच. "सोमवारपासून तुम्ही फोनवर बसा. आवाज किती छान आहे तुमचा." गोड बोलून गळा कापायचा!

६ डिसेंबर, शुक्रवार
नाही बसणार.

८ डिसेंबर, रविवार
सकाळपासून चिडचिड. शेवटी रडलेसुद्धा. फोनला मी घाबरत नाही. वाचन जाईल, याला घाबरते. उरलेला जन्म पुस्तकासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे कान लावून बसायचं? कुणी सांगितलंय!

दुपारी हेच लिखाण वाचायला घेतलं, तर बोटं पुन्हा बधिर. फुंकर घालायला खाली वाकले आणि ओठ कागदाला लागले. टिंबं! 'नाही बसणार.' माझीच शुक्रवारची ओळ! मग मागची सगळी पानं तशीच वाचून काढली. हळूहळू, चुकत, पण वाचली. ताई दारातून ओरडली, "अगं, कागदाचे मुके काय घेतेस?" घेतेय! तुला काय करायचंय?

९ डिसेंबर, सोमवार
बोटं सकाळीच गेली. जाऊ दे. ओळ ओठांनी वाचायची, मान वर करायची, बोलायची. मास्तर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "चालू द्या." तिसऱ्या पानावर सुटलेलं टिंब सापडलं. त्यांनी प्रतीत ताडून पाहिलं. "बरोबर आहे तुमचं!"

तेवढ्यात मॅनेजर मला न्यायला आले. "हे काय चाललंय?"

म्हटलं, "काम. फोनवर दुसरं कुणी बसवा. माझं तोंड रिकामं नाही."